परदेशी शिकवले म्हणजे हिस्सा दिला का?

उलव्यात हल्ली एक वाक्य वरचेवर कानी येते. "पोरीला बाहेर शिकायला पाठवतोय, आता अजून काय द्यायचं तिला?" असे म्हणणारा बाप वाईट असतो असे नाही. त्याच्या आधीच्या पिढीत मुलगी सातवीनंतर घरी बसे. त्या मानाने तो बराच पुढे आलेला असतो आणि त्याच्या आवाजातला अभिमानही खरा असतो. पण वाक्याचा दुसरा भाग नीट ऐकला तर त्यात एक हिशेब आहे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च तिच्या नावे मांडला गेला आहे आणि जमिनीतल्या, घरातल्या तिच्या हिश्श्यातून तो वजा झाला आहे. मुलाला पाठवताना असे कोणी म्हणताना मी ऐकलेले नाही. त्याचे शिक्षण घरखर्चात धरतात, तिचे मात्र उचल म्हणून.

हा हिशेब कायद्याला धरून नाही आणि न्यायाला तर नाहीच. शिवाय त्याची किंमत मुलगी पुढे कधीतरी वाटणीच्या वेळी मोजते असेही नाही. परदेशातल्या कॉलेजात पाऊल टाकल्या दिवसापासून ती मोजू लागते. शिक्षणाचा पैसा आणि तिथे रुळणे हे दोन वेगळे विषय म्हणून आपल्याकडे बोलले जातात. मला ते एकच वाटतात.

बाहेरच्या मैत्रिणींसाठी आधी उलव्याबद्दल थोडे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारा हा आगरी-कोळी मुलूख. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी यांसह दहा गावांना उठावे लागले, त्यांच्यासाठी २०१४ साली साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज जाहीर झाले. उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि लोकल उरणपर्यंत गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली.

या सगळ्या बदलात पैसा आला, आणि तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्याकडे आला. लावणी-कापणीला वाकलेल्या, खाडीतल्या चिखलात उतरून निवट्या-खेकडे धरणाऱ्या आणि डोक्यावर पाटी घेऊन ते विकणाऱ्या बायकांची नावे सातबाऱ्यावर फारशी नव्हतीच. खातेदार वारला की भूखंडासाठी वारसांची यादी लागते. तेव्हा बहिणींची आठवण होते आणि यादीपाठोपाठ हक्कसोडपत्रही येते. सही केली नाही तर माहेर तुटेल, भाऊबीजेला दार उघडले जाणार नाही, ही भीती आपल्यापैकी कितीजणींनी अनुभवली आहे! मग भूखंड बिल्डरला जातो, त्रिपक्षीय करार होतो, इमारत उभी राहते. भावाच्या वाट्याला फ्लॅट आणि दुकानाचे गाळे येतात, बहिणीच्या वाट्याला वास्तुशांतीचे आमंत्रण.

कायदा काय म्हणतो ते पुन्हा एकदा सांगते, कारण ते पुन्हा पुन्हा विसरले जाते. वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून लागू केली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही लग्नाची अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. या कायद्यात कुठेही असे लिहिलेले नाही की मुलीच्या शिक्षणावर खर्च केला की तिचा हिस्सा फिटला.

आता पैसा उभा कसा राहतो ते पाहू.

उलवे दोन आहेत. एक गावठाणातले, एक सेक्टरातले. गावठाणातल्या घराकडे पैसा असला तरी बँकेला हवे तसे कागद नसतात. कुटुंब वाढले म्हणून गरजेपोटी बांधलेली घरे वर्षानुवर्षे सिडकोच्या लेखी अनधिकृत. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. भूखंड असेल तर तो सिडकोच्या भाडेपट्ट्याचा, गहाण ठेवायला सिडकोचा ना-हरकत दाखला हवा, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या नावावर भूखंड त्या भावाची किंवा काकाची सही हवी. इथे मुलीचे शिक्षण अडते. जी मालमत्ता गहाण टाकायची ती निम्मी तिच्या आईची, आत्याची, तिची स्वतःची असायला हवी होती. आता तिच्यासाठी भावाची मनधरणी करावी लागते.

सेक्टरातल्या घराची अडचण वेगळी. तिथे आई-बाप नोकरदार, फ्लॅट स्वतःचा, पण तो गृहकर्जाखाली आधीच गहाण. मग आईचे सोने निघते. या सोन्याबद्दल एक लक्षात ठेवू या. स्त्रीधनावर बाईची पूर्ण मालकी आहे, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच तसे आहे. आईच्या बांगड्यांवर मुलगी शिकायला गेली, तर "मी पाठवली" हे म्हणण्याचा पहिला मान आईचा आहे.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाची सर्वसाधारण चौकट अशी, की कर्जदार विद्यार्थिनी स्वतः असते आणि आई किंवा बाप सहकर्जदार. चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीन, त्यापुढे स्थावर किंवा तत्सम तारण. नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका मोठी रक्कमही विनातारण देतात. बऱ्याच सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. ऐकायला सोपे वाटते. हिशेब करून पाहा. तीस लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वरSएक वर्ष सवलतीचे. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरले तर तीन वर्षांचे सरळव्याजच नऊ लाख होते. ते एकोणचाळीस लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साडेएक्कावन्न हजारांच्या आसपास जातो. तिकडे नोकरी मिळाली तर ठीक. नाही मिळाली आणि मुलगी इकडे परतली, तर इथल्या पहिल्या पगारातून हा हप्ता निघणे कठीण. हे गणित वाशी-नेरुळच्या सल्लागारांच्या कचेऱ्यांत क्वचितच कोणी मांडून दाखवते. त्यातल्या अनेकांचे कमिशन विद्यापीठाकडून येते, हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

आणि स्थळे पाहताना? "मुलीच्या नावावर तीस लाख कर्ज आहे, ते कोण फेडणार?" हा प्रश्न मुलाकडचे पहिल्याच बैठकीत विचारतात. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला मात्र परदेशी पदवीचा भाव मिळतो.

शिष्यवृत्त्या आहेत, पण हात तोकडे आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या साऱ्या देशासाठी १२५ जागा, त्यांत ३० टक्के मुलींसाठी. पण ती मुख्यतः अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. आगरी समाज इतर मागासवर्गात मोडतो. त्यांच्यासाठी राज्याच्या बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा मोजक्या. दोन्हीकडे कुटुंबाच्या उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा. इथे उलव्याच्या मुलीची गंमत होते. बापाच्या नावावर त्या वर्षी मोठी रक्कम जमा झाली की ती अर्जातून बाद. घराच्या पैशावर तिचा हक्क कोणी मानत नाही, अर्जात मात्र तो पैसा तिचाच धरला जातो.

आणखी एक. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला, स्वागतच आहे. पण घराघरांत त्याचा दुसरा अर्थही लावला जातो: "तुला इथे फुकट आहे, मग दादाला जाऊ दे बाहेर."

आपल्या आधीच्या बायका कशा गेल्या? कॉर्नेलिया सोराबजी नाशिकात जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची. पदवी परीक्षेत ती अशी आली की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या बायकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली, पदवी हातात पडायला १९२२ उजाडले. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, त्या जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जावर. नवरा दिनकर कर्वे पाठीशी उभे होते. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना, महर्षी कर्व्यांना, मात्र सुनेचे हे जाणे पसंत नव्हते! बायकांनी शिकावे हे मान्य असणे आणि आपल्या घरातल्या बाईने इतक्या लांब, इतक्या खर्चाने शिकावे हे मान्य असणे, यांत केवढे अंतर आहे.

आणि आनंदीबाई जोशी. त्यांचा फोटो आपल्या शाळांत लागतो, भाषणे होतात. पण अठराव्या वर्षी समुद्र ओलांडताना त्यांना काय कबूल करावे लागले ते भाषणांत येत नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी सभेपुढे आपल्या जाण्याचा जबाब दिला: मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, पोशाख आणि खाणे बदलणार नाही. समाजाची ही परवानगी फुकट नव्हती. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी-शाकाहार सांभाळत त्या डॉक्टर झाल्या, ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. वय पुरते बावीसही नव्हते. ज्या गोपाळरावांनी हट्टाने शिकवले त्यांचीच पत्रे तिकडे त्यांना टोचत, जाब विचारत राहिली. ज्याने पाठवले त्याचा जाब विचारण्याचा हक्क राहतो, ही समजूत तेव्हापासूनची.

बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानने अमेरिकेला पाठवले, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. अट कडकच होती, पण कागदावर होती, तिला सुरुवात आणि शेवट होता. मुलींच्या अटी कागदावर नसतात. त्यामुळे त्या कधी संपतही नाहीत.

या न लिहिलेल्या अटी घेऊन मुलगी लेस्टरला किंवा आखेनला पोचते. पहिल्या महिन्यात तिला अडखळायला काय काय होते? तास थोडे, स्वतः वाचायचे फार. गाइड नाही, महत्त्वाचे प्रश्न कोणी खुणा करून देत नाही. पुस्तकातला उतारा नाव न देता उतरवला तर ती चोरी ठरते आणि थेट चौकशी लागते. प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारायची, त्याच्याशी मतभेद असेल तर तो वर्गात बोलून दाखवायचा, त्याला गुण असतात. "मोठ्यांना उलट बोलू नको" हे ऐकत जी मोठी झाली तिला यासाठी स्वतःला केवढे मोडून पुन्हा घडवावे लागत असेल, याचा विचार पाठवणाऱ्या घराने क्वचितच केलेला असतो. आपल्याकडे सामानाची यादी होते: कुकर, मसाले, सुका जवळा, थर्मल. या गोष्टीची तयारी कुणी करून घेत नाही.

मग राहण्याचे. भाडे परवडावे म्हणून चार-पाच भारतीय मुले-मुली मिळून घर घेतात. तिथे पोळ्या कोण करते? मुलीला स्वयंपाक येतो हे गृहीत असते. मुलाला तो येत नाही हेही गृहीत असते. आठवडाभरात ती पाचजणांचा डबा करू लागते आणि आईला फोनवर सांगते की छान घरच्यासारखे आहे. बरोबरच सांगते, अगदी घरच्यासारखेच आहे. आडनावावरून जात काढणे, आगरी बोलीचा हेल ऐकून हसणे, हेही या भाड्याच्या घरांत पोचलेले आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द घालावा लागला, तो उगीच नव्हे.

पैशाची चणचण आली की ती घरी मागत नाही. आधीच "तुझ्यावर इतकं लावलंय" हे कानात असते. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना विद्यार्थ्यांना आठवड्याला वीसच तास काम करता येते, जास्त केले तर व्हिसा जाऊ शकतो. मग कुठल्या तरी हॉटेलात रोखीवर, ठरलेल्या मजुरीपेक्षा कमीत, रात्री उशिरापर्यंत भांडी. तिथे मालकाने अंगचटीला यायचा प्रयत्न केला तर तक्रार कुठे करणार? नियम तिनेही मोडलेला असतो. आणि घरी कळले तर "परत ये" एवढेच उत्तर मिळेल याची तिला खात्री असते. आजारी पडली तरी लपवते. वास्तविक ब्रिटनच्या व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य शुल्क तिने भरलेले असते, डॉक्टर तिच्या हक्काचा असतो. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी निधी असतो. पण मदत मागण्याची सवय हक्काने गेलेल्याला असते. उपकारावर गेलेली मुलगी हसरा चेहरा करून व्हिडिओ कॉलवर खोलीचे चारी कोपरे दाखवत राहते, कोण आहे, कोण नाही ते घरच्यांना दिसावे म्हणून.

कोणी म्हणेल, काळजी असते म्हणून विचारतात. असतेच. पण मुलाला खोलीचे कोपरे दाखवायला लावत नाहीत.

जर्मनीची एक पद्धत मला यासाठी आवडते, तिच्यात दोष असले तरी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र वर्षभराच्या राहण्याची रक्कम विद्यार्थ्याच्याच नावाच्या बंद खात्यात आधी भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास, आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो काढता येतात. बारा लाख उभे करणे सोपे नाही. पण एकदा ते भरले की दर महिन्याला ते पैसे तिच्या हातात येतात, कोणाला फोन करून मागावे लागत नाहीत. उलव्यातल्या कित्येक मुलींच्या आयुष्यात, स्वतःच्या नावावर इतका पैसा असण्याची ही पहिलीच वेळ असते.

म्हणून माझे मागणे हे आहे. भूखंडाचा, बिल्डरच्या कराराचा पैसा घरात येईल तेव्हा मुलीचा वाटा तिच्या नावाने वेगळा ठेवा. ती शिकायला जाणार असेल तर त्यातून तिने शिकावे, तिचे कर्ज तिच्या हिश्श्याच्या तारणावर निघावे. भावाच्या हळदीला मांडव, बँड आणि मटण यांवर होणारा खर्च कोणी त्याच्या हिश्श्यातून कापत नाही. मग दोघांच्या शिक्षणाला एकच माप का नको? आणि ती नापास झाली, विषय बदलला, किंवा "मला इथे नाही जमत" म्हणून सहा महिन्यांत परत आली तरी तिला तोंड लपवावे लागू नये. परदेशातून अर्धवट परतलेल्या मुलाला आपल्याकडे गाळा काढून धंदा लावून देतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे.

बाहेर शिकणाऱ्या मुलींना एक गोष्ट मात्र आताच कळवायला हवी. हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकापुढे स्वतः हजर राहावे लागते. मुलगी परदेशात असेल तर तिच्याकडून मुखत्यारपत्र मागवतात. "बँकेच्या कामासाठी आहे, वकिलातीत जाऊन सही करून पाठव," एवढाच निरोप येतो, आणि परीक्षेच्या धांदलीत ती सही करते. त्या मसुद्यात गहाण हा शब्द असेल तर कुठल्या मिळकतीचे आणि कशासाठी ते पाहावे. विक्री, बक्षीस किंवा हक्कसोड हे शब्द दिसले तर सही थांबवावी, मसुद्याची प्रत आईला, मावशीला, आपल्या कुठल्याही कार्यकर्तीला पाठवून विचारावे. परदेशातून आलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, म्हणून घरचे घाई करतात. घाई त्यांची असते. कागद पूर्ण वाचून होईपर्यंत सही हातात ठेवायला तिला कोणी अडवू शकत नाही.